चांदीच्या जिल्ह्यात सोन्याचा कायदा

होळीच्या आधी धडगाव, मोलगी, अक्कलकुवा भागात भोंगर्‍या बाजार भरतात. गुजरातच्या ऊसपट्ट्यात मजुरीला गेलेली कुटुंबे तोवर परतू लागलेली असतात आणि हातात रोकड असते. कपडालत्ता, गूळ-डाळ्या यांच्याबरोबर चांदीही घेतली जाते: गळ्यातली हसळी, हातापायांतली कडी, कमरेचा पट्टा. भिल्ल आणि पावरा समाजांत लग्नात मुलाकडच्यांनी देज देण्याची रीत आहे, त्यातही चांदीला मान असतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा-तळोदा-नंदुरबारच्या सपाटीवर, खरेदीचा मुहूर्त आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि लग्नसराईचा. तिथे पोत, पाटल्या, अंगठ्या चालतात. डोंगरात चांदी आणि सपाटीवर सोने अशी ही ढोबळ विभागणी. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातली जवळपास ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. त्यामुळे इथल्या दागिन्यांच्या बाजाराचा विचार चांदी वगळून करताच येत नाही.

गेल्या पंचवीस वर्षांत दागिने घेणार्‍यासाठी देशात बरेच नियम झाले. सोन्याचे हॉलमार्किंग २००० मध्ये सुरू झाले, चांदीचे २००५ मध्ये. २०१६ चा भारतीय मानक ब्यूरो कायदा आला, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, सोन्यावरचा हॉलमार्क २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. या सगळ्यातले नंदुरबारच्या गिर्‍हाइकाच्या पदरात नेमके किती पडते, हे पाहण्यासाठी हा आढावा.

हॉलमार्कने काय दिले

जुन्या काळी सोन्याची परीक्षा कसोटीच्या दगडावर होई. ती करणारा सराफच, आणि विकणाराही तोच. हॉलमार्कने ही परीक्षा दुकानाबाहेर नेली. ब्यूरोने मान्यता दिलेल्या तपासणी केंद्रात दागिना तपासला जातो आणि त्यावर लेसरने खुणा उमटतात. १ जुलै २०२१ पासून या खुणा तीन आहेत: ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा, आणि अक्षरे-अंक मिळून सहा जागांचा ओळख क्रमांक, ज्याला एचयूआयडी म्हणतात. शुद्धतेचा आकडा ‘२२के९१६’ असा असतो. म्हणजे बावीस कॅरेट, हजार भागांत ९१६ भाग सोने. अठरा कॅरेटला ७५० आणि चौदाला ५८५ असते.

ओळख क्रमांकाची कल्पना नंदुरबारकरांना समजावून सांगायला नको. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात वाटले गेले. माणसाला आधार तसा दागिन्याला हा क्रमांक. दोन पाटल्या असतील तर दोन्हींचे क्रमांक वेगळे. मोबाइलवरच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता, सराफाचा नोंदणी क्रमांक आणि तपासणी केंद्राची माहिती समोर येते. हातात अंगठी आणि अ‍ॅपमध्ये ‘बांगडी’ दिसली, तर क्रमांक दुसर्‍याच दागिन्याचा आहे. ही पडताळणी दुकानात बसूनच करावी. पैसे देऊन, एसटी पकडून नेटवर्क नसलेल्या पाड्यावर पोहोचल्यावर तिचा उपयोग नाही. खुणा बारीक असतात. पाटलीच्या आतल्या बाजूला, पोतीच्या फासाजवळ शोधाव्या लागतात. नोंदणीकृत सराफाने दहापट मोठे दाखवणारे भिंग दुकानात ठेवणे अपेक्षित आहे. ते मागायला लाजू नये.

हॉलमार्कचा दागिना नंतर कमी कसाचा निघाला तर भरपाईचे सूत्र नियमांतच आहे. ब्यूरोच्या २०१८ च्या नियमांनुसार, शुद्धतेत जितकी तूट तिच्या किमतीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च गिर्‍हाइकाला मिळतो. हिशेबाच्या सोयीसाठी शुद्ध सोने ग्रॅमला १०,००० रुपये धरू. दहा ग्रॅमच्या पाटलीवर ९१६ आहे आणि तपासणीत ८७५ निघाले. हजारात ४१ भागांची तूट, म्हणजे दहा ग्रॅममागे ०.४१ ग्रॅम सोने. त्याचे ४,१०० रुपये, दुप्पट ८,२००, वर तपासणीची फी. सामान्य ग्राहकही मान्यताप्राप्त केंद्रात आपले दागिने नेऊन तपासून घेऊ शकतो. चार नगांपर्यंत ही फी २०० रुपये ठरलेली आहे. हॉलमार्क करून घेण्याचा खर्च सोन्याच्या नगामागे, वजन कितीही असो, कर सोडून ४५ रुपये आहे. ‘हॉलमार्कमुळे दागिना महाग पडतो’ असे कोणी सांगत असेल तर हा आकडा लक्षात ठेवावा.

जुन्या दागिन्यांबद्दल एक भीती विनाकारण पसरली आहे. घरातले बिनहॉलमार्कचे सोने बाळगणे गुन्हा नाही. ते मोडीत घालता येते आणि सराफाला ते विकतही घेता येते. सक्ती विकणार्‍यावर आहे. ती मोडली तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख आणि मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड, अशी शिक्षा कायद्यात आहे.

सूट कोणाला, फटका कोणाला

ही सक्ती सरसकट नाही. पहिली मेख जिल्ह्याची. जून २०२१ मध्ये सक्ती सुरू झाली ती तपासणी केंद्र असलेल्या २५६ जिल्ह्यांत. जळगाव, धुळे आणि पलीकडचे सुरत पहिल्याच यादीत होते. पुढे यादी वाढत नोव्हेंबर २०२४ मध्ये ३६१ जिल्ह्यांपर्यंत गेली. म्हणजे गिर्‍हाइकाचा हक्क दुकान कोणत्या जिल्ह्यात आहे यावर ठरतो. जिल्ह्यांची यादी ब्यूरो वेळोवेळी प्रसिद्ध करतो. मोठी खरेदी करण्याआधी ती पाहावी. सक्ती नसलेल्या जिल्ह्यातही हॉलमार्कचाच दागिना हवा असे सांगता येते. सराफाला नोंदणीसाठी आता फी नाही आणि एकदा केलेली नोंदणी कायमची असते, त्यामुळे छोट्या पेढीलाही त्यात अडचण नाही.

दुसरी मेख दुकानाच्या आकाराची: वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असलेल्या सराफाला सक्ती नाही. तिसरी मेख वजनाची: दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्क लागत नाही. कुंदन, पोलकी, जडावाच्या कामालाही सूट आहे, पण ती इथल्या बाजारात फारशी महत्त्वाची नाही.

या सुटी देण्यामागे कारणे आहेत. गावातल्या सोनारावर कागदपत्रांचे ओझे पडू नये, एवढ्याशा मण्यावर खुणा उमटवायच्या कुठे, हे प्रश्न खरेच आहेत. पण मजूर किंवा अल्पभूधारकाच्या घरात सोने येते ते चमकी, बाळी, मंगळसूत्राच्या वाट्या आणि मणी अशाच रूपात, आणि बहुधा तालुक्याच्या किंवा आठवडी बाजाराच्या छोट्या दुकानातून. दुकान लहान आणि दागिनाही लहान. सक्ती दोन्हीकडून निसटते. दहा तोळ्यांचा हार घेणार्‍याला कायद्याची हमी आणि दीड ग्रॅमची बाळी घेणारीला फक्त सोनाराचा शब्द, असा हा व्यवहार झाला आहे.

चांदीचे काय

मोठी पोकळी चांदीची आहे. चांदीवरचा हॉलमार्क आजही ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यांनाही ओळख क्रमांकाची सोय झाली आणि ८०० पासून ९९९ पर्यंत शुद्धतेच्या सात श्रेणी ठरल्या. पण मागितले तरच आणि सराफाने करून दिले तरच.

एकेकाळी इथल्या चांदीला सरकारी हमी होती, ती नाण्याची. डोंगरातल्या जुन्या हारांत ओवलेला राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा असे. हारात रुपये किती ते मोजले की चांदी किती ते कळे. टंच, म्हणजे शंभर भागांत चांदी किती, हे काढायची गरज नव्हती. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. ती हमी संपली, आणि तिच्या जागी दुसरी आली नाही. आज राणीछापासारखी दिसणारी नवी नाणीही विकली जातात, त्यामुळे नाण्यावरच्या चेहर्‍यावर विसंबणेही धोक्याचे.

चांदीतला गोंधळ टंचाचा असतो. बोलण्यात सगळेच ‘चांदी’, पण कोणी ९२ टंचाचा माल देतो, कोणी ७० टंचाचा. अर्धा किलोचा ऐवज ७० टंचाचा असेल तर त्यात चांदी ३५० ग्रॅम. भाव पूर्ण चांदीचा लावला तर १५० ग्रॅमचे पैसे तांब्यासाठी मोजले. कमी टंचाचे कडे विकणे हा गुन्हा नव्हे. कड्याला मजबुती येण्यासाठी मिश्रण लागतेच. टंच न सांगता विकणे ही फसवणूक. त्याहून सरळ फसवणूक जर्मन सिल्व्हरची. नावात चांदी असली तरी त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी अजिबात नसते. गिलटाचा माल गिलट म्हणून विकला तर तक्रार नाही.

अनेक पेढ्यांवर आता कॅरेट मोजणारे यंत्र असते. त्याची पट्टी मागून घ्यावी, पण त्याची मर्यादाही माहीत असावी. क्ष-किरणांवर चालणारे हे यंत्र मुख्यतः पृष्ठभाग वाचते. भरीव दिसणार्‍या जाड कड्याच्या आत काय आहे, ते वरवरच्या मोजणीत उमगेलच असे नाही. वादाच्या वेळी प्रयोगशाळेत नमुना घेऊन केलेली रासायनिक तपासणीच ग्राह्य धरावी.

वजन, घडणावळ आणि मोड

शुद्धतेइतकाच पैसा इतर तीन ठिकाणी जातो, आणि त्यांवर हॉलमार्कचा काही अंमल नाही.

पहिले वजन. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजचा व्यवहारातला तोळा दहा ग्रॅमचा. घरातली म्हातारी माणसे जुन्या तोळ्याने बोलतात, दुकानदार नव्या तोळ्याने मोजतो. पाच तोळ्यांत आठ ग्रॅमहून जास्त फरक पडतो, म्हणून बोलणे नेहमी ग्रॅममध्येच करावे. खडे, लाख, दोरा यांचे वजन सोन्याच्या भावाने लावू देऊ नये. बिलावर एकूण वजन वेगळे आणि निव्वळ सोन्याचे वजन वेगळे हवे. तराजूवर वैधमापनशास्त्र विभागाचा चालू वर्षाचा शिक्का असावा लागतो आणि पडताळणीचे प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावावे लागते.

दुसरी घडणावळ. तिला सरकारी दर नाही. कोणी ग्रॅमला ठरावीक मजुरी घेतो, कोणी किमतीच्या टक्क्यात. आठ ग्रॅमच्या पोतीवर ग्रॅमला ५०० रुपये मजुरी म्हणजे ४,००० रुपये. भाव १०,००० असताना १५ टक्के म्हणजे १२,०००. ‘घडणावळीवर मोठी सूट’ अशी पाटी दिसली की सूट कोणत्या आकड्यावर, ते विचारावे. घट वेगळी आणि मजुरी वेगळी लावतात का, तेही विचारावे. भाव बावीस कॅरेटचा लावला की चोवीसचा, ही तपासायची आणखी एक गोष्ट. दागिन्याच्या विक्रीवर जीएसटी ३ टक्के.

तिसरी मोड. डोंगरातल्या घरांना दागिना ही अडीनडीची ठेव असते. पेरणीला, दवाखान्याला तीच मोडतात किंवा गहाण टाकतात. मोड घेताना किती वजा करायचे, हे कायद्याने ठरलेले नाही. ‘आमच्याकडे आणलात तर पूर्ण किंमत देऊ’ हे तोंडी आश्वासन खरेदीच्या बिलावर लिहून घेतले तरच मोडीच्या दिवशी कामाला येते. गहाण टाकताना समोरच्याकडे सावकारीचा परवाना आहे का ते पाहावे आणि वस्तूचे वर्णन व वजन लिहिलेली पावती घ्यावी. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे.

सूट नसलेला कायदा

हॉलमार्कच्या नियमांत जिल्हा, उलाढाल, दोन ग्रॅम असे अपवाद आहेत. ग्राहक संरक्षण कायद्यात यातला एकही नाही. दीड ग्रॅमची बाळी असो की आठवडी बाजारातले चांदीचे कडे, पैसे देऊन घेतले की घेणारा ग्राहक झाला. मालाची शुद्धता, वजन, किंमत यांची खरी माहिती मिळणे हा त्याचा हक्क. बिल न देणे ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणेही तसेच. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी या तरतुदीपुढे टिकत नाही.

अडते ते बिलापाशी. गिर्‍हाइकाला वाटते, पक्के बिल म्हणजे तीन टक्के जादा. दुकानदार तो समज दूर करत नाही. मग कच्च्या चिठ्ठीवर फक्त एकूण रक्कम येते. चिठ्ठीवर शुद्धता नसेल तर नंतर ‘तुम्ही बावीस कॅरेट सांगितले होते’ हे सिद्ध करायचे कशाने? हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलावर दागिन्याचे वर्णन, निव्वळ वजन, कॅरेट व शुद्धता आणि हॉलमार्कचे शुल्क लिहिणे बंधनकारक आहे. बिनहॉलमार्कच्या मालावरही हेच मागावे आणि चांदी असेल तर टंच लिहून घ्यावा. तेही जमले नाही तर पैसे यूपीआयने द्यावेत. रक्कम, तारीख आणि घेणार्‍याचे नाव एवढा तरी पुरावा उरतो. दोन लाख किंवा त्याहून मोठी रक्कम एका व्यवहारात रोख घेण्यास तर आयकर कायद्यानेच बंदी आहे.

तक्रारीची वाट पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. आधी दुकानदाराला लेखी पत्र द्यावे आणि त्याची पोच ठेवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे न मिटल्यास नंदुरबारचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगापुढे चालते. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइनही करता येतो. शुद्धतेचा वाद असेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. कायद्यात निकालाची मुदत तीन महिने, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिने आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात, हेही धरून चालावे. धडगावहून नंदुरबारला येणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडणे. त्यामुळे अशा तक्रारी एकट्याने न लढवता ग्राहक संघटनेमार्फत करणे बरे. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली ती याच विचाराने, की एकटे गिर्‍हाईक दुबळे असते.

सीमाभागासाठी २०१९ च्या कायद्यातली एक तरतूद फार मोलाची आहे. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. खरेदीही तशीच दोन-तीन राज्यांत पसरलेली. लग्नाचे सोने जळगावहून येते, सुरतेहून येते, कोणी खेतियाला जाते. पूर्वीच्या कायद्यात तक्रार मुख्यतः दुकानदाराच्या गावी करावी लागे. आता ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगातही ती करता येते. सुरतेच्या पेढीविरुद्धची तक्रार नंदुरबारला चालू शकते.

भिशी आणि योजना

दागिना घेण्याआधीच फसवणारा एक प्रकार आहे. महिन्याला ठरावीक रक्कम भरा, अकरा हप्ते तुमचे, बारावा आमचा. अकरा हप्त्यांचे कारण कायद्यात आहे: मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत माल देऊन फिटली नाही, तर कंपन्यांच्या बाबतीत ती ठेव ठरते आणि ठेवींचे कडक नियम लागू होतात. म्हणून वर्षाहून लांब किंवा व्याजाचे आमिष दाखवणारी सराफी योजना पाहिली की सावध व्हावे. ऑक्टोबर २०१९ मध्ये ठाणे-डोंबिवलीत गुडविन ज्वेलर्सची दुकाने बंद झाली आणि हप्ते भरणार्‍यांना पोलिसांकडे धाव घ्यावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत टोरेस प्रकरण उघड झाले. तिथे मॉइसनाइटचे खडे विकून दर आठवड्याला परताव्याचे आमिष दाखवले होते. ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा राज्य कायदा अशा प्रकरणांत लागतो, पण तोवर पैसा गेलेला असतो. गावातल्या ओळखीच्या पेढीकडची भिशी याहून सुरक्षित वाटते. तिथेही प्रत्येक हप्त्याची सही-शिक्क्याची पावती हवी.

शेवटी

एकूण हिशेब असा. सोन्याच्या मोठ्या दागिन्याला देशात चांगले संरक्षण मिळाले आहे आणि ते वापरायला सोपे आहे. चांदी, दोन ग्रॅमच्या आतले सोने आणि छोटे दुकान या तिन्ही ठिकाणी ते पातळ होते, आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यातली गरिबाची खरेदी नेमकी याच तीन ठिकाणी होते. शहरी बाजारासाठी बेतलेला नियम डोंगरात अपुरा पडतो आहे. चांदीचा हॉलमार्क निदान जड दागिन्यांना सक्तीचा करावा आणि भोंगर्‍या बाजार, सारंगखेड्याची यात्रा अशा गर्दीच्या दिवसांत तपासणीची फिरती सोय उभी करावी, ही मागणी ग्राहक संघटनांनी आणि इथल्या लोकप्रतिनिधींनी लावून धरायला हवी.

तोवर गिर्‍हाइकाच्या हाती बिल आहे. ग्रॅममध्ये निव्वळ वजन, कॅरेट किंवा टंच, त्या दिवसाचा भाव, घडणावळ आणि मोडीची अट या पाच गोष्टी त्यावर लिहून घ्या, मगच पैसे मोजा. आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे; दागिना मात्र बहुधा त्यानंतर मोडायला काढला जातो, म्हणून शंका आली की लगेच तपासून घ्या.